सर ‘बघतो’ म्हणाले, त्याला दोन वर्षं झाली

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ सदतीस वर्षांचे, मूळ सांगलीचे, पीएच.डी. पुण्याची. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत आधी जे-१ या तात्पुरत्या देवाणघेवाण व्हिसावर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधक, होते. मग त्याच प्रयोगशाळेत ‘रिसर्च सायंटिस्ट’ म्हणून एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला. एच-१बीच्या सहा वर्षांपैकी साडेचार संपली आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्रोफेसरांकडे ग्रीन कार्डचा विषय काढला. ते ‘बघतो’ म्हणाले, पुढे काहीच झालं नाही. एच.आर.ने सांगितलं, आम्ही फक्त टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या, प्राध्यापकांना स्पॉन्सर करतो. पण त्याच प्रयोगशाळेतल्या, त्याच हुद्द्यावरच्या इटालियन सहकाऱ्याचं कार्ड विद्यापीठामार्फत दीड वर्षात हातात पडलं. पत्नी आर्किटेक्ट, एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, घरी बसून आहे. मुलगी आठ वर्षांची. काही मित्र म्हणतात स्वतःच अर्ज कर, काही म्हणतात कंपनीत जा. यांना वाटतं, ज्या सरांनी इतकं शिकवलं त्यांच्या पाठीमागे परस्पर अर्ज करणं बरं दिसणार नाही. वडील दर रविवारी फोनवर विचारतात, ‘‘काय रे, तुझ्या ग्रीन कार्डचं काय झालं?’’ प्रश्न असा: सरांना पुन्हा विचारावं, थांबावं, की आपली वाट धरावी?

नमस्कार.

तुमच्या प्रोफेसरांना तुम्ही समोरासमोर त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारत असणार, तिकडे सगळेच मारतात. पण पत्रात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ते ‘सर’च आहेत. मला वाटतं तुमचा अर्धा गुंता त्या एका शब्दात आहे, म्हणून आधी तिथेच हात घालते.

आपल्याकडे पीएच.डी. केलेल्या माणसाला गाइड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गाइडच्या सहीशिवाय थीसिस हलत नाही, फेलोशिपचे पैसे निघत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं आपली एक समजूत घट्ट होते की वरच्या माणसाच्या मनात आलं की काम होतं, आणि ते मनात यावं म्हणून आपण नीट वागायचं. तुम्ही ही समजूत पुण्याहून सोबत नेली आणि दोन वर्षं नीट वागत बसलात.

मी अशाच एका विद्यापीठाच्या परदेशी कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात सोळा वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. वकील नव्हते, आजही नाही. कागद जमवणं, तारखा सांभाळणं, वकिलांना पाठवणं हे माझं काम. एकदा एक भले प्रोफेसर स्वतः टाइप केलेलं पत्र घेऊन आले. विभागाच्या छापील कागदावर दोन ओळी: मी अमुक यांना ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करतो. खाली निळ्या शाईत सही. त्यांना खरोखर वाटत होतं की हे इमिग्रेशनला पाठवलं की झालं. पाठीमागे त्यांचा पोस्टडॉक उभा होता, तुमच्यासारखाच, हात मागे बांधून. त्या कागदाचा काडीचा उपयोग नव्हता. प्रोफेसर मालक नसतात, मालक विद्यापीठ असतं. आय-१४० या ग्रीन कार्डसाठीच्या अर्जावर विद्यापीठाने सहीचा अधिकार दिलेल्या एक-दोन माणसांनाच सही करता येते. प्रोफेसर फार तर म्हणू शकतात की मला हा माणूस हवा आहे आणि माझ्या खात्यातून खर्च करायची तयारी आहे. तेवढं म्हणणं गरजेचं असतं, पण तेवढ्याने काही हलत नाही.

तेव्हा सर मुद्दाम अडवत असतील असं मला वाटत नाही. पुष्कळ प्रोफेसरांना या प्रकारातलं ओ की ठो माहीत नसतं आणि ते कबूल करायला संकोच वाटतो. दुसरी शक्यताही लपवत नाही. घरमालकाला भाडं कमी करा म्हटल्यावर तो जे ‘बघतो’ म्हणतो, त्याचा अर्थ आपण बरोबर ओळखतो. इंग्रजीतल्या ‘बघतो’चा अर्थही बऱ्याचदा तोच असतो. दोन वर्षांत एकदाही विषय न निघणं हे उत्तरच आहे, फक्त ते कुणी मोठ्याने दिलेलं नाही.

आता इटालियन सहकारी. त्याच्यावरचा तुमचा राग पत्रात चांगलाच जाणवतो, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. त्याचं काम लवकर झालं याला कारण बहुतेक त्याचा जन्म इटलीतला आहे हे. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० निघतात, त्यात बायका-मुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ढोबळपणे ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. देश मोजायचा तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. इटलीत जन्मलेल्याला अर्ज मंजूर झाला की फारशी वाट बघावी लागत नाही. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची, म्हणजे उच्च पदवीधरांच्या प्रकाराची, रांग अलीकडच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांगेच्या तारखांचं सरकारी मासिक पत्रक) दहा वर्षांहून जुन्या तारखांवर रखडलेली दिसते, आणि आज मागे उभा राहणारा त्याहूनही जास्त थांबेल, कारण मधल्या काळात रांग फुगलेली आहे. म्हणजे विद्यापीठाने तुम्हा दोघांसाठी एकाच दिवशी, एकाच वकिलाकडून अर्ज केला असता तरी त्याच्या हातात कार्ड आलं असतं आणि तुमच्या हातात मंजुरीचा एक कागद. हे सरांच्या किंवा एच.आर.च्या हातात नाही.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. एच.आर. म्हणतं फक्त टेन्युअर-ट्रॅक. हा सहकारी तर तुमच्याच हुद्द्यावर होता! म्हणजे अपवादाची वाट आहे, कुणीतरी ती वापरलेली आहे, आणि विभागाच्या कचेरीत त्याची फाइल आहे. त्याच्यावर चिडण्याऐवजी त्याला कॉफीला घेऊन जा आणि विचारा: कुठल्या प्रकारात अर्ज केला, कुणी सही केली, पैसे कुठून आले, वकील कोण होता. माणसं ही माहिती खुशीने देतात. आमच्या कार्यालयाचं दार ठोठावण्याआधी हे विचारून येणारा माणूस मला लगेच ओळखू यायचा आणि त्याचं काम लवकर व्हायचं, कारण तो ‘तुम्ही करता का?’ असं न विचारता ‘तुम्ही मागे केलं होतं ते मला लागू होईल का?’ असं विचारायचा.

अंदाज करायचा तर त्याचा अर्ज ईबी-१बी मध्ये गेला असावा. ‘उत्कृष्ट प्राध्यापक किंवा संशोधक’ असा तो प्रकार. त्यात अर्जदार विद्यापीठच असावं लागतं, पण श्रम खात्याच्या दाखल्याची, म्हणजे या जागेला अमेरिकी माणूस मिळाला नाही हे दाखवण्याची, भानगड नाही. किमान तीन वर्षांचा अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव, आणि सहा निकषांपैकी दोन तरी बसायला हवेत: पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, तुमच्या कामाबद्दल इतरांनी लिहिलेलं, इतरांच्या कामाचं परीक्षण, मूळ योगदान, शोधनिबंध. निकष बसले की काम झालं असं नाही, सगळं एकत्र पाहून तुमचं नाव क्षेत्रात देशाबाहेर माहीत आहे का ते अधिकारी बघतो. नोकरी ‘कायम’ हवी. इथे लोक घाबरतात, कारण करार दर वर्षी नवा होतो. पण संशोधकाच्या बाबतीत ‘कायम’ म्हणजे ज्या जागेला शेवटची तारीख ठरलेली नाही आणि काम नीट चाललं तर पुढे चालू राहील अशी अपेक्षा आहे, अशी जागा. करार दर वर्षी नवा होतो एवढ्यावरून अर्ज आपोआप बाद होत नाही. पोस्टडॉकची जागा मात्र मुळातच मुदतीची, त्यामुळे बहुतेक विद्यापीठं पोस्टडॉकना दारातच नाही म्हणतात. तुमचा हुद्दा बदलला आहे, याचं महत्त्व तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

सरांकडे तुम्ही मागितलं होतं ते बहुधा पर्म, म्हणजे श्रम खात्याच्या त्या दाखल्याची नेहमीची वाट. त्याला तुमच्याकडे आता वेळ कमी पडतोय. आधी श्रम खात्याकडून त्या कामाचा प्रचलित पगार ठरवून घ्यायचा, त्यातच महिने जातात. मग जाहिराती, आलेल्या अर्जांची छाननी, मग मूळ अर्ज. आणि पर्मच्या जोरावर एच-१बी सहा वर्षांपुढे अखंड न्यायचा तर तो अर्ज सहावं वर्ष संपायच्या निदान ३६५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. तुमच्याकडे दीड वर्ष आहे, म्हणजे त्या रेषेपर्यंत सहाच महिने. इच्छाशक्ती असलेल्या विद्यापीठालाही ते जड जाईल. (पर्मचा सगळा खर्च, वकिलाच्या फीसकट, मालकानेच करायचा असा नियम २००७ पासून आहे. ‘तुम्ही पैसे भरा, आम्ही सही करतो’ असं कुणाला सांगितलं गेलं असेल तर तिथून उठून या.)

पर्मची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागा आणि पगाराचा आकडा लिहिलेली एक सूचना कामाच्या ठिकाणी सलग दहा कामाचे दिवस लावावी लागते. आमच्याकडे ती हटकून मायक्रोवेव्हच्या शेजारी लागायची, कारण भिंत तिथेच रिकामी. एक मराठी मुलगी ते दहा दिवस डबा गरम करायला तिसऱ्या मजल्यावर जायची. आपला पगार वाचणाऱ्या लोकांसमोर उभं राहून पोळी-भाजी गरम करायची नव्हती तिला.

शिकवणाऱ्यांसाठी पर्मचा एक वेगळा, सोपा प्रकार आहे. तुमच्या कामात वर्गात शिकवणं नाही, तुम्हाला तो लागू नाही. पण नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झालेले वाचक असतील त्यांनी इथे थांबावं. मूळ निवडप्रक्रिया नियमात बसणारी असेल आणि राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात जाहिरात झालेली असेल, तर तीच वापरून अर्ज करता येतो. अट इतकीच की निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत तो दाखल व्हावा. शिवाय साध्या पर्ममध्ये किमान पात्रतेचा अमेरिकी उमेदवार मिळाला तरी अर्ज पडतो, इथे मात्र निवडलेला उमेदवार सर्वांत सरस होता एवढं दाखवलं की पुरतं. रुजू झाल्यावर पहिलं सेमिस्टर घर लावण्यात जातं, दुसरं कोर्स उभा करण्यात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘‘तुझे अठरा महिने कधी संपतात?’’ नेमणुकीचं पत्र हातात आल्याच्या आठवड्यातच हे विचारा.

आता तुमचे मित्र ‘स्वतःच अर्ज कर’ म्हणतात तो भाग. तो ईबी-२ मधला राष्ट्रहिताचा अर्ज, एनआयडब्ल्यू. याला मालक लागत नाही, नोकरीचा प्रस्ताव लागत नाही, सरांची परवानगी लागत नाही. अर्जावर अर्जदार म्हणून तुमचंच नाव. डिसेंबर २०१६ मधल्या ‘मॅटर ऑफ धनसार’ या निर्णयाने त्याची आजची कसोटी ठरली: तुम्ही जे काम पुढे नेणार आहात त्याला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते पुढे न्यायला तुम्ही योग्य माणूस आहात का, आणि नोकरीची व श्रम दाखल्याची अट तुमच्यासाठी बाजूला ठेवणं देशाच्या फायद्याचं आहे का. एप्रिल २०२४ पासून आय-१४० ची सरकारी फी ७१५ डॉलर, वर स्वतः अर्ज करणाऱ्याला आणखी ३००. वकिलाचे निराळे. लवकर निकालासाठी प्रीमियमचे जादा पैसे भरले तर ४५ कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं, मग ते मंजुरीचं असो, नकाराचं असो, किंवा आणखी पुरावे मागणारं असो. अलीकडे छाननी कडक झाली आहे. ‘‘कर्करोगावर संशोधन करतो म्हणजे राष्ट्रहित’’ एवढ्यावर आता भागत नाही.

‘पण त्याचा उपयोग काय, रांग तर तीच ना?’ असं तुम्ही लिहिलंत. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण असा विचार करून माणसं वर्षं घालवतात. एसटी स्टँडवर गाडी लागली की आपण आधी काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. आय-१४० म्हणजे तो रुमाल. अर्ज दाखल झाला तो दिवस तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा. अर्ज मंजूर झाला की ती तारीख तुमची होते, आणि पुढे दुसऱ्या विद्यापीठाने, कंपनीने किंवा तुम्ही स्वतः ईबी-१ या वरच्या प्रकारात (ईबी-१बी त्यातलाच) नवा अर्ज केला तरी जुनीच तारीख लावून मिळते. भारतीयांसाठी ईबी-१ ची रांगही आहे, पण ईबी-२ च्या मानाने बरीच आखूड. म्हणजे आज एनआयडब्ल्यूने तारीख धरायची आणि उद्या ईबी-१बी झालं तर हीच तारीख घेऊन तिकडच्या रांगेत जाऊन बसायचं. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे, मंजुरीनंतर मालकाने अर्ज मागे घेतला तरी तारीख जात नाही, फसवणूक वगैरे निघाली तर गोष्ट वेगळी. तुमच्या स्वतःच्या अर्जात तर मागे घेणारा दुसरा कुणी नाहीच.

कार्ड यायच्या आधीच त्या मंजुरीच्या कागदाने दोन गोष्टी होतात. रांग चालू असेपर्यंत एच-१बी सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो, आणि त्यासाठी अर्ज विद्यापीठाचाच हवा असं नाही, तुमचा एनआयडब्ल्यू चालतो. विद्यापीठाला फक्त नेहमीसारखं एक्स्टेन्शन भरायचं. दुसरी, तुमच्या पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. एच-४ वरच्यांना मे २०१५ पासून मिळतो, तो याच कागदावर. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल अर्धी ओळ लिहिलीत, ‘घरी बसून आहे’. एक आर्किटेक्ट इतकी वर्षं ड्रॉइंग बोर्डापासून लांब आहे. सरांना काय वाटेल याला तुम्ही दीड पान दिलंत.

आणि मुलगी. तिचा जन्म सांगलीचा असं जाता जाता आलंय. तिला तुमच्याबरोबर कार्ड मिळायचं तर ती तेव्हा अविवाहित आणि एकवीस वर्षांच्या आतली हवी. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके तिच्या वयातून वजा होतात, पण ते महिन्यांचं गणित आहे. तुमच्याकडे तेरा वर्षं आहेत आणि आजची ईबी-२ ची रांग त्यात संपेल असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून ईबी-१ ची वाट तुमच्यासाठी नुसती हौस नाही. विद्यापीठाकडे तुम्ही काय मागायचं ते इथून ठरतं.

आता कृतघ्नपणाचं. एनआयडब्ल्यू केल्याने सरांचं काय जातं? पैसा जात नाही, वेळ जात नाही, मायक्रोवेव्हजवळ सूचना लागत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक प्रोफेसर हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण दोन वर्षं टोचणारी गोष्ट त्यांच्या डोक्यावरून उतरते. फक्त पाठीमागे करू नका. सांगा, आणि शिफारसपत्र मागा. त्यांचं पत्र लागेलच. मात्र जास्त वजन पडतं ते तुमच्याबरोबर कधीच काम न केलेल्या माणसांच्या पत्रांचं, ज्यांनी तुमचा निबंध वाचून आपल्या कामात वापरला अशांचं. कोण कोण तुमचा संदर्भ देतंय ते तुम्ही पाहत असालच. आज त्यातली पाच-सहा नावं वेगळी काढा.

सरांशी बोलताना आणखी एक मागा. प्रोफेसरांकडे परीक्षणाला आलेले निबंध पोस्टडॉक रात्री बसून तपासतात आणि शेरा प्रोफेसरांच्या नावाने जातो, हे सगळ्या प्रयोगशाळांतलं उघड गुपित आहे. निकषांतला ‘परीक्षण’ हा निकष तुम्ही वर्षानुवर्षं पाळलात आणि कागदावर त्याचं नामोनिशाण नाही. पुढच्या वेळी संपादकांना तुमचं नाव कळवा असं सरांना सांगा. ही मागणी त्यांना नाकारता येणार नाही.

अर्ज लिहिताना आपल्या लोकांची एक अडचण हमखास होते. मसुदा माझ्याकडे यायचा त्यात सगळीकडे ‘आम्ही’. आम्ही ही पद्धत विकसित केली, आमच्या गटाने दाखवलं. मी विचारायचे, त्यात तुम्ही काय केलंत? मग खाली मान घालून, ‘तसं सगळं मीच केलं, पण...’ स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्याला लहानपणी इतकं पक्कं शिकवलेलं असतं की ‘मी’ लिहिताना हात अडखळतो. समोरचा अधिकारी तुमच्या गटाचा अर्ज तपासत नाही. ‘मी’ लिहा.

कंपनीत जाण्याबद्दल थोडक्यात. विद्यापीठाचा एच-१बी वार्षिक मर्यादेबाहेरचा असतो, म्हणून तुम्हाला लॉटरीत उतरावं लागलं नव्हतं. कंपनीत जायचं तर वर्षाच्या ६५,००० जागांच्या लॉटरीत उतरावं लागेल. वरच्या २०,००० जागा अमेरिकी मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी असलेल्यांसाठी आहेत, तुमची पीएच.डी. पुण्याची, तेव्हा त्या नाहीत. दुसरं विद्यापीठ किंवा विद्यापीठाशी संलग्न ना-नफा इस्पितळ असेल तर लॉटरी नाही. ‘सहा वर्षं झाली की वर्षभर घरी जाऊन नव्याने यायचं’ हा जुना सल्ला मात्र विसरा. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने परदेशात असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले आणि विद्यापीठांनाही त्यातून सूट दिली नाही. तुमच्यावर तेवढा खर्च करायला कुठला विभाग तयार होईल?

जे-१ वर अजून असलेल्या वाचकांना दोन शब्द. आय-१४० भरणं म्हणजे इथे कायम राहायचा इरादा जाहीर करणं. एच-१बीला ते चालतं, जे-१ ला अडचणीचं होऊ शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारा. जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट कौशल्य-यादीमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं हवीत याची अमेरिकी सरकारची यादी) लागायची, त्या यादीतून भारत ९ डिसेंबर २०२४ ला निघाला. पण सरकारी पैशावर आलेल्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइटवाल्यांना, ती अट लागतेच.

परत येण्याचा पर्याय तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण त्याची सावली आहे. पुण्यात आयसर आहे, एनसीएल आहे, या दोन्ही संशोधन संस्था, परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षांची आहे. त्यांनाही वयाची अट असते, त्यामुळे ‘अमेरिकेत जमलं नाही तर शेवटी तिकडे’ असा हिशेब चालत नाही. करायचं तर तोही अर्ज याच वर्षी.

तर सोमवारी काय करायचं. सरांना आधी तोंडी सांगा की मी एनआयडब्ल्यू भरतोय आणि त्याशिवाय विभागाला ईबी-१बी बद्दल विचारणार आहे. मग विभागाच्या प्रशासकांना मेल, सरांना प्रत. विनवणी नको, दुखणं नको. माझा हुद्दा हा, एच-१बी अमुक तारखेला संपतो, या विभागातल्या संशोधकासाठी विद्यापीठाने पूर्वी असा अर्ज केलेला आहे, माझ्यासाठी अपवादाचा विचार करायला कुणाची मंजुरी लागते आणि तीन आठवड्यांत उत्तर मिळू शकेल का. सहकाऱ्याचं नाव लिहू नका. उत्तर ‘नाही’ आलं तर ते लेखी आलेलं असेल, आणि तुमचा स्वतःचा अर्ज तोवर वकिलाच्या टेबलावर गेलेला असेल. त्याला या मेलची वाट बघायची गरज नाही.

शिवाय पासपोर्ट काढून बसा. बाबांच्या ऑपरेशनला सात आठवडे गेला होतात असं तुम्ही लिहिलंय. एच-१बीच्या काळात अमेरिकेबाहेर काढलेला प्रत्येक पूर्ण दिवस सहा वर्षांतून वजा करून परत मागता येतो. एक गणपती, एक लग्न, ते सात आठवडे मिळून तीन महिने सहज निघतील, आणि पर्मच्या त्या ३६५ दिवसांच्या रेषेलाही तेवढीच सवड मिळेल.

पत्नीचा जन्म कुठला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. हसू नका. देश जन्माचा मोजतात आणि जोडीदाराचा देशही लावून घेता येतो. आमच्याकडे म्हापशाचा एक मुलगा होता, मंजुरी घेऊन तीन वर्षं रांगेत. एक दिवस बायकोचा पासपोर्ट माझ्यासमोर उघडला तर जन्मस्थळ कुवेत. तिचे वडील तिथे नोकरीला होते. त्या घराची रांग त्या दिवशी संपली. आखातात जन्मलेली आपली कितीतरी मुलं-मुली आता तिशी-पस्तिशीत आहेत.

तसं काही नसेल तर तिघांचे जन्मदाखले मात्र लागतीलच, आणि ते पाहिजे तेव्हा मिळत नाहीत. तुमच्या पिढीच्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि आईवडिलांची नावं. नाव चढवायला, स्पेलिंग पासपोर्टशी जुळवायला सांगली महापालिकेत खेपा होतात. हे काम वडिलांवर सोपवा. येत्या रविवारी त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच विचारा, ‘‘बाबा, माझ्या दाखल्यावर नाव आहे का हो?’’